राष्ट्रीय पातळीवरच्या कौशल्य-अंदाजांवरून तालुक्याच्या आयटीआयने ट्रेड कसे ठरवावेत?

वसनाकाठ (कोरेगाव, जि. सातारा)

नमस्कार. सातारा जिल्ह्यातील एका शासकीय आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीवर मी उद्योग क्षेत्राचा प्रतिनिधी आहे. माझे स्वतःचे छोटे मशीन शॉप असल्याने चांगला कारागीर मिळणे किती अवघड झाले आहे हे मला रोज दिसते; परंतु समितीपुढे सध्या जो प्रश्न आहे तो माझ्या एका शॉपच्या अनुभवावर सोडवणे योग्य होणार नाही, म्हणून येथे सविस्तर मांडत आहे.

आमच्याकडे इलेक्ट्रिशियन आणि फिटर या ट्रेडना प्रवेशासाठी चुरस असते, तर डिझेल मेकॅनिकच्या जागा शेवटच्या फेरीपर्यंत रेंगाळतात. ही तुकडी बंद करून तिच्या जागी मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल किंवा सोलर टेक्निशियन सुरू करावा, असे समितीतील काही सदस्यांचे म्हणणे आहे. इतरांचे म्हणणे असे की, फलटणजवळ इंजिनांचा एवढा मोठा प्रकल्प चालू असताना आणि जिल्ह्यातील प्रत्येक गावात ट्रॅक्टर असताना डिझेलचा ट्रेड बंद करणे ही घाई ठरेल. दोन्ही बाजू आपापल्या समर्थनार्थ वर्तमानपत्रांत आलेले कुठले ना कुठले राष्ट्रीय किंवा जागतिक आकडे पुढे करतात. ऑक्टोबर 2025 मध्ये जाहीर झालेल्या पीएम-सेतू योजनेत देशभरातील 1,000 आयटीआयचा, म्हणजे 200 मुख्य आणि 800 त्यांना जोडलेल्या संस्थांचा, कायापालट करण्यासाठी 60,000 कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि त्या योजनेचा सगळा भर अभ्यासक्रम उद्योगांच्या मागणीनुसार असावेत यावर आहे. माझी अडचण नेमकी इथेच आहे. मागणी धरायची ती कोणत्या वर्षाची? तुकडीसाठी घेतलेली यंत्रे पंधरा-वीस वर्षे वर्कशॉपमध्ये राहतात, निदेशक एकदा रुजू झाला की निवृत्तीपर्यंत त्याच ट्रेडला शिकवतो, आणि आज सोळाव्या वर्षी प्रवेश घेणारा मुलगा 2065 च्या पुढेमागे काम करत असणार आहे.

आम्ही परिसरातील कारखान्यांना एक तक्ता पाठवून पाहिला. पुढील तीन वर्षांत कोणत्या ट्रेडची किती माणसे लागतील, एवढाच प्रश्न होता. एका कारखान्याच्या एचआर विभागाने फिटरपासून कोपापर्यंत (संगणक ऑपरेटरचा ट्रेड) प्रत्येक ओळीत 'दहा' असे लिहून पाठवले. दुसऱ्याचे उत्तर 'आवश्यकतेनुसार' असे आले. तिसऱ्याने तक्ता बाजूला ठेवून, आत्ता लगेच चार शिकाऊ उमेदवार मिळतील का, असा फोन केला.

तेव्हा जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. देशपातळीवर भविष्यातील कौशल्यांचे जे अंदाज बांधले जातात ते कसे बांधतात आणि ते तालुक्यापर्यंत खाली आणता येतात का? आणि आणता येत नसतील, तर आमच्यासारख्या समितीने निर्णय घेताना नेमके कशाकडे पाहावे?

---

हरिपूरकर (सांगली)

मी सांख्यिकी शिकवतो, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

प्रथम, समितीत जे आकडे फेकले जात आहेत त्यांचे तीन वेगळे प्रकार आहेत आणि ते एकमेकांत मिसळले की चर्चा भरकटते. 2009 च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणात 2022 पर्यंत 50 कोटी लोकांना कुशल करण्याचा जो आकडा होता, तो उद्दिष्ट होता. 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालात 2030 पर्यंत शेतीबाहेर दरवर्षी सुमारे 78.5 लाख रोजगार निर्माण व्हावे लागतील असे म्हटले आहे. ती काम मागणाऱ्यांच्या संख्येवरून काढलेली गरज आहे. जागतिक आर्थिक मंचाच्या 2025 च्या अहवालातील, 2030 पर्यंत जगभर 17 कोटी नवी कामे निर्माण होतील आणि 9.2 कोटी जातील, हा आकडा मुख्यतः मोठ्या कंपन्यांना विचारून तयार केलेला आहे. या तिन्हींपैकी एकही आकडा कोरेगावला किती इलेक्ट्रिशियन लागतील हे सांगत नाही, आणि सांगण्यासाठी तो काढलेलाही नाही.

खऱ्या अर्थाने ज्याला अंदाज म्हणावे, त्याची रीत बहुतेक देशांत सारखीच आहे. आधी अर्थव्यवस्था किती वाढेल हे गृहीत धरतात, ती वाढ उद्योगांमध्ये वाटतात, प्रत्येक उद्योगात उत्पादनामागे किती माणसे लागतात यावरून रोजगार काढतात, त्या रोजगाराची व्यवसायनिहाय फोड करतात आणि शेवटी प्रत्येक व्यवसायाला कोणते शिक्षण लागते ते जोडतात. या साखळीतील प्रत्येक कडीत थोडी चूक असते आणि शेवटच्या कडीपर्यंत ती साठत जाते. 1960 च्या दशकात ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेने पोर्तुगाल, स्पेन, इटली, युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि तुर्कस्तान या सहा देशांसाठी 1975 पर्यंतच्या मनुष्यबळाचा हिशेब याच पद्धतीने मांडला होता. त्यावर पुढे जी टीका झाली तिचा गाभा असा की, अमुक उत्पादनाला अमुक इतकेच पदवीधर लागतात असे स्थिर प्रमाण प्रत्यक्षात नसते. माणूस महाग झाला की कारखानदार यंत्र घेतो, आणि अभियंता मिळाला नाही की अनुभवी डिप्लोमाधारकाकडून काम करून घेतो. आपल्याकडेही त्याच काळात, 1962 मध्ये, मनुष्यबळ संशोधनासाठी दिल्लीत स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि योजनांच्या हिशेबाने अभियांत्रिकीच्या जागा वाढवल्या गेल्या. त्यानंतर 1965 चे युद्ध झाले, लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला, पंचवार्षिक योजनाच तीन वर्षे स्थगित राहिली, आणि दशक संपता संपता अभियंत्यांच्या बेकारीमुळे प्रवेशक्षमता कमी करण्याची वेळ आली. हिशेब करणारी माणसे हुशारच होती, पण युद्ध आणि पाऊस त्यांच्या समीकरणात नव्हता.

मग हे सगळे सोडून द्यावे का? माझ्या मते नाही, कारण काही देशांनी त्यातून उपयोगाचा भाग बाजूला काढला आहे. अमेरिकेचे कामगार सांख्यिकी कार्यालय 1949 पासून व्यवसायांविषयीचे मार्गदर्शन प्रसिद्ध करते, आज ते दरवर्षी पुढील दहा वर्षांचे अंदाज देते आणि जुने अंदाज कितपत खरे ठरले याची तपासणीही स्वतःच छापते. (आपल्याकडे अहवालाच्या प्रकाशनाचा कार्यक्रम होतो, तपासणीचा होत नाही.) त्या अंदाजांमधून सतत पुढे येणारी एक गोष्ट तुमच्या समितीच्या कामाची आहे: होणाऱ्या बहुसंख्य जागा नव्या वाढीतून येत नाहीत, तर कोणी निवृत्त झाल्याने किंवा दुसऱ्या कामाला गेल्याने रिकाम्या होतात. युरोपीय संघाच्या सेडेफॉप या व्यवसाय-प्रशिक्षण संस्थेच्या अंदाजांतही हेच चित्र दिसते. निवृत्तीचा हिशेब करायला भविष्यवेत्ता लागत नाही. 1988 मध्ये बाविसाव्या वर्षी साखर कारखान्यात लागलेला फिटर आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे, हे कारखान्याच्या हजेरीपटावरून कळते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखाने, वीज वितरण, एसटीची आगारे आणि जुने इंजिनिअरिंग कारखाने यांच्या पटावरील वयांची नुसती यादी केली, तरी पुढील दहा वर्षांचे निम्मे चित्र हाती येईल.

आता तालुक्याविषयी. देशातील मुख्य स्रोत म्हणजे 2017 मध्ये सुरू झालेले नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. त्याचा नमुना राज्यपातळीवर विश्वासार्ह उत्तर मिळावे एवढाच होता. जानेवारी 2025 पासून रचना बदलून जिल्हा हा नमुना निवडीचा मूळ घटक केला आहे, ही चांगली सुधारणा आहे. तरीही एका जिल्ह्यात पाहणीत येणारी कुटुंबे मर्यादित असतात, आणि त्यांत वेल्डर किती, सीएनसी (संगणक-नियंत्रित यंत्र) ऑपरेटर किती अशी फोड करू गेल्यास प्रत्येक रकान्यात मोजकी माणसे उरतात. आस्थापनांच्या तिमाही पाहणीत दहापेक्षा कमी कामगार असलेली आस्थापना येत नाही, म्हणजे गॅरेजे आणि लहान वर्कशॉप तिच्या बाहेरच राहतात. भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांतून किती जण नव्याने नोंदले गेले ते कळते, त्यांचा ट्रेड कळत नाही. आणि मुळातच, 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार 15 ते 29 वयोगटात औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलेले तरुण अवघे 4.4 टक्के आहेत, 16.6 टक्के इतर मार्गांनी, बघून-करून शिकलेले आहेत. या मोठ्या गटाचे कौशल्य कोणत्याही प्रमाणपत्रावर नसल्याने ते पुरवठ्याच्या हिशेबात नीट उतरत नाही.

विद्यार्थ्यांची चुरस पाहून ट्रेड ठरवण्याचा मोह मात्र टाळावा. तुमच्या भागात आल्याच्या पिकाचे जे होते तेच इथे होते: ज्या वर्षी आल्याला दर मिळतो त्या वर्षी सगळे बेणे शोधत फिरतात, आणि पुढच्या हंगामात सगळ्यांचे आले एकदमच बाजारात येते. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने 1970 च्या दशकात अमेरिकेतील अभियंत्यांच्या बाबतीत हेच चक्र दाखवून दिले होते. प्रवेशाच्या वेळचा पगार पाहून मुले शाखा निवडतात, ती चार वर्षांनी बाहेर येतात, आणि तोवर त्याच पगाराकडे पाहून आलेल्यांची गर्दी झालेली असते.

भविष्यातील ज्या गोष्टींचा निर्णय आधीच होऊन गेलेला आहे, तिथे अंदाज सर्वांत भरवशाचा असतो. वाहनांच्या धुराच्या मानकांत बीएस-4 वरून थेट बीएस-6 वर जाण्याचा निर्णय केंद्राने 2016 मध्ये जाहीर केला आणि 1 एप्रिल 2020 पासून तो लागू झाला. म्हणजे धूर शुद्ध करणारी यंत्रणा, सेन्सर आणि स्कॅनरवरून दोष शोधणे ही कामे गॅरेजमध्ये येणार हे चार वर्षे आधी लेखी माहीत होते. किती आयटीआयमध्ये त्या चार वर्षांत स्कॅनर आला, हे आपण सगळे जाणतो. लोकसंख्येचेही तसेच आहे. महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 1.7 होता आणि मुले पुण्या-मुंबईला आहेत, तेव्हा आपल्या गावांतून वृद्धांची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित माणसांची गरज वाढणार, यासाठी कोणतेही प्रतिमान लागत नाही. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून मिरज हे वैद्यकीय केंद्र आहे आणि त्याच्या आसपास शुश्रूषेचे शिक्षण रुजलेले आहे, पण घरी जाऊन सेवा देणाऱ्या सहायकांचा विचार ट्रेड ठरवताना क्वचितच होतो.

---

कुपवाडचा फौंड्रीवाला (मिरज)

हरिपूरकर सरांचे विवेचन आवडले. मी कारखान्याच्या बाजूने लिहितो, आणि आमच्याच बिरादरीविरुद्ध थोडे लिहावे लागणार आहे.

'माणसेच मिळत नाहीत' हे वाक्य कुपवाडपासून पलूसपर्यंत कोणत्याही कारखानदाराच्या तोंडून ऐकायला मिळेल. त्यातील निम्म्या तक्रारीचा कौशल्याशी संबंध नाही. फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामाला) माणूस मिळत नाही, कारण तिथे दिवसभर ग्राइंडरची धूळ आणि आवाज आहे, बारा तासांची पाळी आहे आणि पट कंत्राटदाराचा आहे. त्यासाठी उद्या आयटीआयने नवीन ट्रेड काढला तरी ती मुले तिथे टिकणार नाहीत; तिथे पगार, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि कायम पट या तीन गोष्टींची टंचाई आहे. ज्या कामाची टंचाई वर्षानुवर्षे सांगितली जाते आणि तरीही ज्याचा पगार जागचा हलत नाही, त्या टंचाईचा आकडा समितीने तक्त्यात घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कौशल्याची खरी टंचाई कशी दिसते, ते सांगतो. आमच्या व्हीएमसीवर (संगणक-नियंत्रित मशिनिंग यंत्रावर) जॉब लावून बटण दाबणारा ऑपरेटर महिन्याभरात तयार होतो. परंतु नवीन कास्टिंग (ओतीव भाग) पहिल्यांदा मशीनवर चढते तेव्हा ते फिक्स्चरमध्ये (पकडीत) कसे धरायचे, कच्च्या पृष्ठभागावरून शून्य कुठे घ्यायचे, टूल घासत चालले की ऑफसेट किती द्यायचा, आणि बोअर गोल येत नसेल तर दोष टूलचा, पकडीचा की आमच्याच कास्टिंगमधल्या कडक ठिपक्याचा, हे ओळखणारा सेटर तयार व्हायला तीन-चार वर्षे जातात. असा सेटर शेजारच्या कारखान्याने जास्त पगार देऊन नेला, तर आम्ही आणखी जास्त देऊन परत आणतो. पगार वर चढतो आहे आणि माणूस पळवला जातो आहे, ही टंचाईची खूण आहे. हा सेटर कुठल्या ट्रेडमधून येतो? टर्नर, मशिनिस्ट किंवा फिटरमधून, ज्याचा पाया मापनाचा आणि ड्रॉइंग वाचण्याचा पक्का आहे त्यातून. 'व्हीएमसी सेटर' असा तीन महिन्यांचा कोर्स करून आलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना मायक्रोमीटर धरायला शिकवण्यापासून सुरुवात करावी लागते.

डिझेलविषयी दोन शब्द. दुचाकी आणि तीनचाकी विजेवर जात आहेत, आणि ज्या फौंड्रीच्या ऑर्डर त्या इंजिनांच्या भागांवर अवलंबून होत्या त्यांना त्याची झळ लागणारच, कारण विजेच्या गाडीत सिलिंडर हेड, ब्लॉक, क्रँकशाफ्ट हे काहीच नसते. परंतु ट्रॅक्टर, जनरेटर, जेसीबी आणि ऊसतोडणी यंत्रे इतक्यात विजेवर जात नाहीत, आणि गंमत म्हणजे संगणक युगाच्या ज्या डेटा सेंटरचा एवढा बोलबाला आहे, त्यांनाही वीज गेल्यावर चालू होणारे मोठे डिझेल जनरेटर लागतात. बदलले आहे ते त्या इंजिनाचे डोके, जे आता इलेक्ट्रॉनिक झाले आहे. जुन्या पद्धतीने पंप आणि नोझल खोलणाऱ्या मेकॅनिकचे काम कमी होईल, वायरिंग हार्नेस आणि स्कॅनर समजणाऱ्याचे वाढेल. समितीने ट्रेडच्या पाटीपेक्षा वर्कशॉपमधले इंजिन कोणत्या सालचे आहे ते आधी पाहावे.

---

माणगंगेचा (आटपाडी, जि. सांगली)

चर्चेत एक बाजू राहून जाते आहे. आपण गृहीत धरतो आहोत की तालुक्यातील आयटीआयने तालुक्यातील कारखान्यांसाठी माणसे तयार करायची. आमच्या आटपाडी-खानापूर भागात, तसेच तुमच्या माण-खटावमध्ये, हे गृहीतक पूर्वीपासूनच खोटे आहे. येथील हजारो कुटुंबे गलाईच्या धंद्यात आहेत आणि त्यांची दुकाने केरळपासून पंजाबपर्यंत, सराफ पेठ असलेल्या जवळजवळ प्रत्येक शहरात आहेत. जुने सोने वितळवणे, तेजाबात शुद्ध करणे आणि कस सांगणे हे कौशल्य मामाकडे किंवा चुलत्याकडे राहून शिकले जाते. दुष्काळी भागातील लोकांनी देशव्यापी बाजारपेठ हेरली, आणि त्यासाठी ना कुठला अहवाल होता ना कुठला ट्रेड. मात्र याच धंद्यात 16 जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला आणि क्ष-किरणांनी कस तपासण्याचे एक्सआरएफ यंत्र सराफ कट्ट्यावर आले, तेव्हा डोळ्याने आणि कसोटीवर कस सांगणाऱ्याचे महत्त्व कमी झाले. आज भट्टीवर बसणाऱ्या मुलाला थोडे रसायनशास्त्र, यंत्र चालवणे आणि हिशेबाची कागदपत्रे येणे गरजेचे आहे. हे शिकवण्याची सोय विट्याला किंवा आटपाडीला झाली, तर तिची मागणी स्थानिक एमआयडीसीच्या कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही, आणि तरीही ती खरी असेल.

उलट बाजूचे उदाहरण डी.एड. विद्यालयांचे आहे. साधारण 2000 नंतरच्या दशकात आपल्या भागात तालुक्यागणिक डी.एड. विद्यालये निघाली, कारण तोपर्यंत डी.एड. म्हणजे हमखास नोकरी असा अनुभव होता. शाळेत येणाऱ्या मुलांची संख्या कमी होत जाणार हे जनगणनेतून दिसत होते, शिक्षकांच्या मंजूर जागा सरकारलाच माहीत होत्या, आणि विद्यालयांना परवानगी देणारेही सरकारच होते. भरती रखडली आणि पदविका घेतलेली मुले-मुली पतसंस्थांत आणि दुकानांत काम करू लागली. या बाबतीत आकडे दुर्मिळ नव्हते, ते दोन वेगळ्या टेबलांवर होते. म्हणून मला अंदाज चुकण्यापेक्षा अंदाज कोणी वापरतच नाही याची चिंता जास्त वाटते.

वसनाकाठ साहेबांना माझी विनंती आहे की, मागील पाच-सात वर्षांतील आपल्याच माजी विद्यार्थ्यांना फोन करून ते कुठे आहेत आणि शिकलेल्या ट्रेडमध्ये आहेत का, एवढे विचारावे. त्यातील किती जण चाकण-रांजणगावला आहेत हे कळले, तरी आपल्या संस्थेचा श्रमबाजार नेमका कुठवर पसरला आहे ते दिसेल.

---

वसनाकाठ (कोरेगाव, जि. सातारा)

सर्वांचे आभार. माजी विद्यार्थ्यांची सूचना समितीत मांडतो. प्रवेश अर्जावरचे मोबाइल क्रमांक बहुतांशी बदललेले असतील, पण गावोगावचे ग्रुप आहेत. फौंड्रीवाले साहेबांच्या म्हणण्यावरून मला असे दिसते की नवीन ट्रेडपेक्षा जुन्या ट्रेडचा पाया रुंद करावा. परंतु शासकीय चौकटीत अभ्यासक्रम वरून येतो. आम्हाला फक्त तुकडी चालू किंवा बंद करण्याची शिफारस करता येते. अशा वेळी डिझेल आणि विजेची गाडी यांतून एकच निवडावे लागेल का? आणि त्या 'दहा, दहा, दहा' लिहिणाऱ्या कारखान्याचे काय करावे?

---

हरिपूरकर (सांगली)

एकच निवडण्याचा प्रश्न जर्मनीपुढेही होता आणि त्यांनी तो निवडीने सोडवला नाही. तेथे मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे वेगवेगळे व्यवसाय 2003 मध्ये एकत्र करून वाहन मेकॅट्रॉनिक्स (यांत्रिक आणि इलेक्ट्रॉनिक काम एकत्र) असा एकच प्रशिक्षण-व्यवसाय केला गेला, आणि 2013 मध्ये त्याच्या आत उच्च दाबाच्या विद्युत प्रणालीची एक शाखा जोडली गेली. विजेच्या गाड्या रस्त्यावर किती येतील याचा अचूक अंदाज त्यांच्याकडेही नव्हता. परंतु आखणी अशी केली की अंदाज चुकला तरी शिकलेला मुलगा वाया जाऊ नये. तेथे हे बदल व्यवसाय शिक्षणाची केंद्रीय संस्था, मालक संघटना आणि कामगार संघटना एकत्र बसून ठरवतात, हा भाग आपल्याकडे कमी आहे. तुमच्या मर्यादेत त्याचे रूप असे होऊ शकते: एक वर्षाच्या डिझेल मेकॅनिकऐवजी दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिकचा प्रस्ताव द्यावा, आणि त्या मुलांना तसेच इलेक्ट्रिशियनच्या मुलांना बॅटरी, मोटर कंट्रोलर व उच्च दाबाची सुरक्षितता यांचा अल्पमुदतीचा कोर्स वर जोडावा. अल्पमुदतीचा कोर्स सुरू करणे आणि मागणी ओसरली तर थांबवणे सोपे असते, तुकडी बंद करून परत आणणे अवघड असते. सोलरचेही तेच. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या छतावरील सौर विजेच्या पीएम सूर्यघर योजनेचे लक्ष्य एक कोटी घरांचे आहे, आणि शिवाय सौर पंप आहेत, त्यामुळे पुढील काही वर्षे जोडणीचे काम भरपूर असेल. पण पॅनेल बसवून झाल्यावर देखभालीला तितकी माणसे लागत नाहीत. इलेक्ट्रिशियनच्या पायावर सोलर शिकलेला मुलगा तेव्हा दुसरीकडे जाऊ शकेल.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा कोणीतरी समितीत काढेलच, म्हणून एवढेच नोंदवतो की, 2013 मध्ये ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी अमेरिकेतील 47 टक्के रोजगार यांत्रिकीकरणाच्या मोठ्या धोक्यात असल्याचे म्हटले होते, आणि 2016 मध्ये ओईसीडीच्या अभ्यासात, संपूर्ण व्यवसायाऐवजी त्यातील एकेक काम मोजल्यावर, हाच आकडा 9 टक्क्यांवर आला. आकडा ऐकला की मोजले काय आहे ते आधी विचारावे.

कारखान्यांना भविष्य विचारू नये, भूतकाळ विचारावा. गेल्या बारा महिन्यांत किती जणांनी काम सोडले, कोणती जागा किती दिवस रिकामी राहिली, तिच्यासाठी किती पगार देऊ केला होता, किती अर्ज आले आणि त्यातील किती जण पात्र वाटले, कोणती नवीन यंत्रे मागवली आहेत, आणि पुढील पाच वर्षांत निवृत्त कोण होणार. ऑस्ट्रेलियात कोणत्या व्यवसायात टंचाई आहे हे ठरवताना नुकत्याच जाहिरात दिलेल्या जागा भरल्या गेल्या का, अशीच विचारणा मालकांकडे केली जाते. ज्यांनी प्रत्येक ओळीत दहा लिहिले आहे, त्यांच्यासाठी शिकाऊ उमेदवारी कायदा उपयोगी पडेल. 1961 च्या या कायद्याखालील नियमांनुसार 30 किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय योजनेतून त्यांच्या विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, 1,500 रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार देते. दहा फिटर लागणार असतील तर यंदा दोन शिकाऊ उमेदवारांचा करार करा, असे त्यांना लेखी कळवावे. करार केला तर तो आकडा धरावा, नाही केला तर सोडून द्यावा.

---

कुपवाडचा फौंड्रीवाला (मिरज)

सरांच्या तक्त्यात आणखी दोन रकाने घालावेत. जागा कारखान्याच्या पटावर आहे की कंत्राटदाराच्या, आणि पाळी आठ तासांची आहे की बारा. या दोन रकान्यांची उत्तरे न देणाऱ्या कारखान्याची मागणी बेरजेत धरू नका, मग तो कारखाना माझा असला तरी.